पेन्शन कुठे खर्चावी : पनामा, पुणे की उमापूर?

महागड्या ठिकाणी कमवावे आणि स्वस्त ठिकाणी जाऊन खर्चावे, हा निवृत्तीचा जुना हिशेब आहे. अमेरिकेतला निवृत्त माणूस तो पनामा किंवा कोस्टारिका डोळ्यांसमोर ठेवून करतो. मुंबई-पुण्यात तीस-पस्तीस वर्षे नोकरी केलेला पोलीस, बँकेतला अधिकारी किंवा अभियंता तोच हिशेब गेवराई तालुक्यातले उमापूर किंवा तसेच एखादे गाव डोळ्यांसमोर ठेवून करतो. शिवाय अमेरिकेत हयात गेलेल्या मराठी कुटुंबांपुढे आता हे दोन्ही पर्याय एकाच वेळी आहेत. म्हणून मध्य अमेरिकेत जावे का, हा प्रश्न बीड जिल्ह्यात बसून विचारला तर दिसतो तितका परका राहत नाही. आजवरची चर्चा बहुतेक महिन्याच्या खर्चाभोवती फिरली आहे. निवृत्ती मात्र एकसंध काळ नाही. साठ ते पंचाहत्तर हा हिंडण्याफिरण्याचा टप्पा आणि त्यानंतरचा, दुसऱ्याच्या आधाराने जगण्याचा टप्पा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या टप्प्यात जे ठिकाण उत्तम ठरते ते दुसऱ्यात अडचणीचे होऊ शकते, ही कसोटी हाती घेऊन या वादातल्या बाजू तपासायला हव्यात.

प्रश्नाची पार्श्वभूमी

मध्य अमेरिकेतल्या सरकारांनी परदेशी पेन्शनरांना बोलावणे जाणूनबुजून सुरू केले. कोस्टारिकाने १९७१ मध्ये त्यासाठी कायदा केला आणि सामान व गाडी आणण्यावरच्या करात सूट दिली. पनामाने १९८७ मध्ये ज्येष्ठांसाठी सवलतींचा कायदा केला. बेलीझची योजना १९९९ ची. यामागचा विचार सरळ होता. पेन्शनर डॉलर घेऊन येतो, स्थानिकाची नोकरी घेत नाही, घर बांधतो, माणसे कामाला ठेवतो. पनामाच्या बाबतीत इतिहासाचीही साथ होती. कालव्याच्या पट्ट्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून अमेरिकी वस्ती होती, देशात १९०४ पासून डॉलर चालत होता आणि ३१ डिसेंबर १९९९ रोजी कालवा पनामाच्या ताब्यात आला तोवर हा देश अमेरिकी माणसाच्या चांगलाच ओळखीचा झाला होता. अभ्यासक या विषयाकडे उशिरा वळले. रसेल किंग, टोनी वॉर्न्स आणि ॲलन विल्यम्स यांचे ‘सनसेट लाइव्हज’ हे २००० साली आलेले पुस्तक भूमध्य किनाऱ्यावर जाऊन राहिलेल्या ब्रिटिश वृद्धांविषयी आहे. पनामातल्या बोकेते या डोंगरी गावावर मेसन मॅकवॉटर्स यांनी २००९ मध्ये लिहिले, आणि मॅथ्यू हेझ यांचे ‘ग्रिंगोलँडिया’ (२०१८) इक्वेडोरमधल्या क्वेन्का शहरातल्या उत्तर अमेरिकी निवृत्तांवर आहे.

आपल्याकडे बराच काळ हा प्रश्नच मानला जात नव्हता. म्हातारपण मुलाच्या घरी जायचे, हे गृहीत होते. ते गृहीत ढिले झाल्याच्या खुणा सरकारी कागदांतून दिसतात. १९९५ ची मातोश्री वृद्धाश्रम योजना ही त्यातली एक. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणाचा २००७ चा केंद्रीय कायदा ही दुसरी. या कायद्याने उपविभागीय अधिकाऱ्याच्या न्यायाधिकरणाला दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाह खर्च ठरवून देण्याचा अधिकार दिला. सांभाळण्याच्या अटीवर मुलांच्या नावे केलेली मिळकत, ती अट मोडल्यास परत घेण्याची वाटही मोकळी केली. निवृत्तांच्या गृहप्रकल्पांसाठी केंद्राने २०१९ मध्ये नमुना मार्गदर्शिका काढली आणि महारेराने २०२४ मध्ये दारांची रुंदी, उतार, लिफ्ट यांविषयीचे किमान निकष ठरवले. २०११ च्या जनगणनेत देशात साठीपुढचे सुमारे १०.४ कोटी लोक होते, म्हणजे लोकसंख्येच्या ८.६ टक्के. महाराष्ट्रात हे प्रमाण ९.९ टक्के होते. देशातल्या या ज्येष्ठांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक खेड्यांत राहत होते.

एक मर्यादा इथेच सांगायला हवी. हा सगळा वाद पेन्शन असणाऱ्यांचा आहे. उमापूरच्या परिसरात जिल्हा परिषदेचा शिक्षक, पोलीस, फौजेतून आलेला जवान यांना महागाई भत्त्यासह पेन्शन मिळते. एसटीतून किंवा साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्याला १९९५ च्या कर्मचारी पेन्शन योजनेचे किरकोळ पैसे येतात, आणि त्या योजनेतली किमान रक्कम २०१४ पासून १ हजार रुपयेच आहे. ऊसतोड कामगाराला अंग चालेनासे झाले की फारतर श्रावणबाळ योजनेचे दीड हजार. त्याच्यासाठी निवृत्ती कुठे घालवावी हा प्रश्न उद्भवतच नाही.

मध्य अमेरिकेच्या बाजूने

समर्थकांचा पहिला मुद्दा उपचारांचा आहे, आणि तो बराच वजनदार आहे. अमेरिकेत मेडिकेअर पासष्टाव्या वर्षी सुरू होते. अठ्ठावन्नाव्या वर्षी काम सोडले किंवा सुटले, तर मधली सात वर्षे खासगी विम्याचा हप्ता बचतीला भोक पाडतो. कोस्टारिकात १९४१ मध्ये स्थापन झालेली ‘काहा’ ही सार्वजनिक आरोग्य संस्था आहे. निवासाचा परवाना मिळालेल्या परदेशी माणसाला तिचे सदस्य व्हावेच लागते, उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी भरावी लागते आणि मग दवाखान्याचे दार उघडते. या देशाने १९४८ मध्ये सैन्य मोडीत काढले आणि पुढच्या दशकांत शिक्षण-आरोग्यावर खर्च केला. तिथले सरासरी आयुर्मान आज ८० च्या आसपास, म्हणजे अमेरिकेपेक्षा कमी नाही. दुसरा मुद्दा सोयींचा. पनामात पंचावन्न वर्षांवरच्या स्त्रीला आणि साठीवरच्या पुरुषाला विमान तिकिटात आणि हॉटेलातल्या जेवणात २५ टक्के, करमणुकीच्या तिकिटात ५० टक्के सूट आहे, आणि ती परवाना घेऊन राहणाऱ्या परदेशी माणसालाही मिळते. तिसरा मुद्दा हवेचा. बोकेते किंवा कोस्टारिकातले सान होसेचे खोरे हजार-बाराशे मीटर उंचीवर आहे, बारमाही वसंत असल्यासारखे. चौथा मुद्दा समर्थक जरा हळू आवाजात मांडतात, पण बहुधा तोच सर्वांत खरा आहे. तिथे घरी येऊन सेवा करणारे माणूस परवडते. मेडिकेअर दीर्घकाळच्या शुश्रूषेचा, म्हणजे अंघोळ घालणे, भरवणे, उठवून बसवणे याचा खर्च देत नाही. अमेरिकेतल्या शुश्रूषागृहाचे बिल मध्यमवर्गीय कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक काही वर्षांत संपवू शकते.

विरोधकांची उत्तरेही पोकळ नाहीत. मेडिकेअर देशाबाहेर जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यातला डॉक्टरांच्या खर्चाचा भाग वेळेत घेतला नाही तर परतल्यावर दर वर्षाच्या विलंबामागे हप्ता १० टक्क्यांनी वाढतो, आणि हा दंड कायमचा लागतो. म्हणजे बाहेर राहायचे आणि परतीची वाटही उघडी ठेवायची, याला किंमत आहे. शिवाय यजमान देशाचे नियम त्याच्या मर्जीवर आहेत. कोस्टारिकाने १९७१ च्या करसवलती १९९२ मध्ये काढून घेतल्या आणि २०२१ मध्ये नव्या कायद्याने काही परत दिल्या. मलेशियाने आपल्या ‘दुसरे घर’ योजनेत २०२१ मध्ये मासिक उत्पन्नाची अट १० हजार रिंगिटवरून ४० हजारांवर नेली. निकाराग्वात २०१८ चे आंदोलन आणि दडपशाही सुरू झाल्यावर अनेक परदेशी निवृत्त देश सोडून गेले. ज्या माणसाला मतदानाचा हक्क नाही त्याने हे बदल मुकाट सोसायचे. माझ्या मते हा आक्षेप खर्चाच्या कोणत्याही तक्त्यापेक्षा जड आहे, कारण साठीत घर हलवता येते, ऐंशीत येत नाही.

रुपयातल्या पेन्शनीला तिथे काय मोल

भारतातून थेट तिथे जायचे म्हटले तर उंबरठाच उंच आहे. पनामा आणि कोस्टारिका दोन्हीकडे पेन्शनर म्हणून परवाना मिळवायला दरमहा १ हजार डॉलरची कायमची पेन्शन दाखवावी लागते, म्हणजे आजच्या दराने ८० हजार रुपयांच्या वर. पनामात सोबतच्या जोडीदारामागे आणखी अडीचशे डॉलर. जिल्हा परिषदेच्या बहुतेक निवृत्त शिक्षकांची नावे इथेच गळतात. राहतात ते वरच्या श्रेणीतले अधिकारी, प्राध्यापक, काही बँकवाले. भारत सोडून अनिवासी झाले की ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत नवे पैसे गुंतवता येत नाहीत. सत्तरीपुढच्या प्रत्येकाला २०२४ पासून लागू झालेले आयुष्मान योजनेचे ५ लाखांचे संरक्षणही तिकडच्या दवाखान्यात चालत नाही.

रुपयाच्या घसरणीचा आक्षेप नेहमी पुढे येतो. २००५ च्या सुमारास डॉलरला ४४-४५ रुपये पडत होते, २०२५ मध्ये ८५ च्या वर. वीस वर्षांत रुपयाचे मोल जवळपास निम्मे झाले. हा आक्षेप मुदत ठेवीच्या व्याजावर जगणाऱ्याला तंतोतंत लागू पडतो. सरकारी पेन्शनराला मात्र तो तितका लागत नाही. महागाई भत्ता आणि वेतन आयोगांमुळे त्याची पेन्शन रुपयाच्या घसरणीपेक्षा वेगाने वाढत आली आहे, त्यामुळे डॉलरमध्येही ती फारशी खंगली नाही. पण असे पेन्शनर ही संपत चाललेली पिढी आहे. महाराष्ट्र शासनात १ नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नव्हती. त्यांच्या वर्गणीवर आधारलेल्या योजनेत आता बदल होत आहेत आणि त्यांचा शेवट कुठे होणार हे ठरलेले नाही. २०३५ नंतर निवृत्त होणाऱ्याने आज रंगवलेले परदेशी म्हातारपण त्या अनिश्चिततेवर उभे असेल.

अमेरिकेतल्या मराठी कुटुंबांचे गणित वेगळे आहे. अमेरिकेच्या स्थलांतरविषयक कायद्यातल्या १९६५ च्या बदलानंतर गेलेली पहिली पिढी आज ऐंशीच्या घरात आहे आणि त्यांच्यामागून गेलेले आता साठीत शिरत आहेत. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या अधिवेशनांत उत्तरायुष्य हा विषय ‘उत्तररंग’ या नावाने आला, यावरून त्याची निकड कळते. या लोकांकडे पेन्शन डॉलरची आणि नागरिकत्व अमेरिकेचे असल्याने मध्य अमेरिका त्यांच्यासाठी तीन-पाच तासांच्या विमानप्रवासावर आहे, नातवंडांच्या देशाजवळ. पुण्याला परतणे म्हणजे नातवंडांपासून एक दिवसाचा प्रवास. पण पनामा शहरातली भारतीय वस्ती मुख्यतः सिंधी-गुजराती व्यापाऱ्यांची. मंदिर आहे, किराणा मिळतो, तरी रोजच्या व्यवहाराची भाषा स्पॅनिश. स्मृतिभ्रंशात माणसाची उशिरा शिकलेली भाषा आधी सुटू लागते आणि लहानपणची मागे उरते, असे अनेकदा आढळते. साठीत शिकलेल्या स्पॅनिशवर पुढच्या टप्प्याची भिस्त ठेवता येईल का, याचे उत्तर खर्चाच्या वहीत सापडणार नाही.

गावाकडे परतण्याचा पक्ष

उमापूरसारख्या गावाच्या बाजूने बोलणारे मध्य अमेरिकेच्या समर्थकांचेच मुद्दे वापरतात, फक्त परवान्याची अट नसते. गावठाणात वडिलोपार्जित घर असते, धान्य शेतातले, भाजी बाजाराच्या दिवशी शहराच्या मानाने स्वस्त. पंचाहत्तरीपुढे एसटीचा प्रवास २०२२ पासून मोफत आहे आणि पासष्टीपासून अर्ध्या तिकिटात. हयातीचा दाखला २०१४ पासून अंगठा टेकवून देता येतो, त्यामुळे नोव्हेंबरात कोषागाराच्या रांगेत उभे राहण्यासाठी शहरात थांबण्याचे कारण उरले नाही. अहिल्यानगर-बीड रेल्वे १७ सप्टेंबर २०२५ रोजी सुरू झाली आणि गेवराईवरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे महामार्गाने छत्रपती संभाजीनगर दोन तासांत येते. याहून मोठा मुद्दा ओळखीचा आहे. शहरातल्या सोसायटीत निवृत्त अधिकारी हा सदनिकेचा क्रमांक असतो. गावात त्याला पारावर जागा असते, लग्नाच्या बैठकीत बोलावणे असते आणि शाळा समितीत मत विचारले जाते.

परदेशस्थांसाठी इथे एक कायदेशीर पेच आहे आणि तो पुरेसा चर्चिला जात नाही. ज्याने परदेशी नागरिकत्व घेतले आणि ओसीआय कार्ड काढले, त्याला भारतात घर किंवा सदनिका घेता येते, पण शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. वारशाने मिळाली तर ठेवता येते. म्हणजे निवृत्तीनंतर गावी चार एकर घेऊन मोसंबी लावण्याचे स्वप्न अमेरिकी पासपोर्टवर पुरे होत नाही. सातबाऱ्यावर वडिलांचे नाव असेल आणि वाटणी झाली असेल तरच काही बोलता येते. वाटणी झालेली नसेल तर चाळीस वर्षे जमीन कसणारा भाऊ आणि पेन्शन घेऊन परतलेला भाऊ यांच्यात काय होते, ते तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातल्या खटल्यांवरून कळते. जो परदेशी नागरिक नाही, मुंबईत नोकरी करून आला आहे, त्यालाही ही भाऊबंदकी सुटलेली नाही. गाव स्वस्त असण्याची ही वेगळी किंमत आहे.

उपचारांचा आक्षेप उघड आहे. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र, गेवराईत उपजिल्हा रुग्णालय, बीडला जिल्हा रुग्णालय, आणि गंभीर प्रसंगी बहुतेक गाड्या छत्रपती संभाजीनगरच्या ‘घाटी’ या शासकीय रुग्णालयाकडे किंवा तिथल्या खासगी रुग्णालयांकडे वळतात. अंबाजोगाईचे ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय १९७४ पासून चालू आहे, पण ते जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. हृदयविकाराच्या झटक्यात पहिला तास मोलाचा असतो आणि इथे तो रस्त्यावर जातो. यावर समर्थक म्हणतात की बोकेतेच्या पेन्शनरालाही मोठ्या उपचाराला दाविद किंवा पनामा शहर गाठावे लागते, आणि पुण्यात संध्याकाळच्या वाहतुकीत रुग्णवाहिका कुठे वेळेवर पोहोचते? पहिला भाग खरा आहे. दुसरा अतिशयोक्तीचा आहे. पुण्यात उशीर मिनिटांत मोजला जातो, उमापुरात तासांत.

खरा कस मात्र अचानकच्या आजाराने लागत नाही. तो लांबलेल्या परावलंबनाने लागतो. गावात एखादी बाई सांभाळायला सहज मिळेल, असे गृहीत धरले जाते. बीड हा ऊसतोडीचा जिल्हा आहे. मुकादमाची उचल घेतलेला कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी, दिवाळीच्या आसपास टोळीबरोबर पश्चिम महाराष्ट्र किंवा कर्नाटकाच्या कारखान्यावर जातो आणि हंगाम संपेपर्यंत परतत नाही. त्या काळात मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि शाळेतली मुले, आणि बहुतेक ठिकाणी म्हातारीच मुलांना सांभाळते. जिथे काळजी घेणारी तरुण माणसे वर्षातले पाच-सहा महिने गावात नसतात, तिथे पेन्शनराने पगार देऊ केला तरी कोण येणार? एका कोयत्याला हंगामात मिळणाऱ्या उचलीशी स्पर्धा करील इतका पगार दिला, तर शुश्रूषेचा स्वस्तपणा संपतो. गावाच्या बाजूने मांडल्या जाणाऱ्या कोणत्याही हिशेबात ही रक्कम धरलेली नसते. उलट असाही युक्तिवाद करता येतो की पेन्शनरांनी असा पगार दिला तर काही बायकांना फडात जाण्यापासून सुटका मिळेल. तो रास्त आहे. पण त्यासाठी प्रशिक्षण हवे आणि एकाच गावात अशी कामे पुरेशी हवीत. दोन-चार बंगल्यांच्या जिवावर ते उभे राहत नाही.

पाण्याविषयी थोडक्यात. गेवराई तालुक्याच्या उत्तरेला गोदावरी आहे आणि जायकवाडीचा उजवा कालवा या पट्ट्यातून माजलगावकडे जातो, पण कालव्याखालचे गाव आणि बाहेरचे गाव यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. २०१२-१३ आणि २०१५-१६ च्या टँकरांच्या उन्हाळ्यात हा फरक सगळ्यांनी पाहिला.

शहर आणि मुलांचा देश

शहरात राहण्याच्या पक्षाला फार युक्तिवाद लागत नाही, तो बहुसंख्यांनी आपोआप स्वीकारलेला आहे. पुण्यातल्या अथश्रीसारख्या ज्येष्ठांच्या वसाहतींनी त्याला नवे रूप दिले. डॉक्टर जवळ, जेवणाची सोय, समवयस्कांची सोबत आणि मराठी बोलणारे शेजारी. त्यांची मर्यादा अशी की बहुतेक प्रकल्प चालत्या-फिरत्या ज्येष्ठांसाठी आखलेले असतात आणि देखभाल खर्च दरवर्षी चढतो. कोलकात्यातल्या वृद्धनिवासांचा अभ्यास करणाऱ्या सारा लॅम यांनी ‘एजिंग अँड द इंडियन डायस्पोरा’ (२००९) मध्ये दाखवले की अशा घरांत राहणारे सगळेच टाकलेले नसतात, अनेकांनी ते जाणतेपणी निवडलेले असते. आपल्याकडे अजून या निवडीला नाक मुरडले जाते.

मुलांकडे परदेशी जाण्याची दारेही सारखी नाहीत. अमेरिकी नागरिक असलेला मुलगा किंवा मुलगी आईवडिलांना संख्येच्या मर्यादेशिवाय बोलावू शकते, पण त्यांना मेडिकेअरमध्ये हप्ता भरून शिरायलाही पाच वर्षांचे कायदेशीर वास्तव्य लागते. कॅनडाचा २०११ चा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहू देतो, विमा आपला. ब्रिटनने २०१२ मध्ये नियम इतके कडक केले की वृद्ध पालकांना कायमचे नेणे जवळपास अशक्य झाले. बहुतेक मराठी जोडपी यातून मधला मार्ग काढतात. सहा महिने इकडे, सहा महिने तिकडे, जोवर गुडघे चालतात तोवर.

यजमानांची बाजू आणि उरलेले प्रश्न

बाहेरून पेन्शन आली की यजमान गावाचे काय होते, हा प्रश्न मध्य अमेरिकेत जोरात विचारला गेला. मॅकवॉटर्स आणि हेझ दोघांच्या लेखनात एक सूत्र दिसते. जमिनीची आणि भाड्याची किंमत परदेशी खिशाप्रमाणे चढते, काहींना रोजगार मिळतो, काही स्थानिक कुटुंबे कडेला ढकलली जातात. मराठवाड्यात असा अभ्यास अजून व्हायचा आहे. शहरातून आलेल्या पेन्शनराने बांधलेला बंगला आणि विकत घेतलेला रस्त्यालगतचा प्लॉट गावच्या बाजारभावावर काय परिणाम करतो, किती गवंड्यांना काम देतो आणि कोणाच्या आवाक्याबाहेर प्लॉट नेतो, हे गावागणिक मोजण्याजोगे आहे.

आणखी एक गोष्ट लोंबकळते आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये उपचार थांबवण्याविषयीच्या आगाऊ सूचनेला मान्यता दिली आणि २०२३ मध्ये तिची कार्यपद्धती सोपी केली. ती अमलात आणायला रुग्णालयाची वैद्यकीय मंडळे आणि निर्णय घेणारे जवळचे माणूस लागते. मुले ह्यूस्टनला, आईवडील उमापुरात, रुग्ण संभाजीनगरच्या अतिदक्षता विभागात, अशा वेळी ही सूचना कोणी पुढे करायची, याची तजवीज फारच थोडी कुटुंबे करतात.

आणि या सगळ्या वादाला लागणारी आकडेवारी अजून तयार झालेली नाही. जनगणना स्थलांतराचे कारण विचारते. २०११ मध्ये त्यासाठी काम, व्यवसाय, शिक्षण, विवाह, जन्मानंतर हलणे, कुटुंबासोबत हलणे असे पर्याय होते. निवृत्तीसाठी वेगळा रकाना नव्हता. पेन्शन घेऊन गावी परतलेला माणूस तिथे ‘इतर’मध्ये मोजला गेला. पुढची मोजणी २०२७ मध्ये होत आहे.